निवेदन कुणाच्या हातात द्यायचं?

नमस्कार श्रोतेहो.

निवडणूक जवळ आली की आमच्या तालुक्याच्या व्यापारी मंडळात कपाटातली एक फाईल खाली निघते. निवेदनांची फाईल. मी बरीच वर्षं या मंडळाचा सचिव आहे, त्यामुळे ती माझ्याच ताब्यात असते. परवा रात्री दुकान वाढवल्यावर ती उघडून बसलो आणि जुनी सगळी निवेदनं एका बैठकीत वाचून काढली. तारखा बदललेल्या, उमेदवारांची नावं बदललेली, मजकूर मात्र तोच. व्यापाऱ्यांना न्याय मिळावा, वीजदर कमी व्हावेत, जाचक कर रद्द व्हावेत, रस्ते व्हावेत. खाली वीस-पंचवीस सह्या आणि मंडळाचा शिक्का. आम्ही हार घालायचो, फोटो काढायचो, कागद द्यायचो आणि परत येऊन गल्ल्यावर बसायचो.

वाचताना एक गोष्ट मनाला फार लागली. नगरपालिकेच्या उमेदवाराकडे आम्ही जीएसटी कमी करून मागितला होता आणि लोकसभेच्या उमेदवाराला भाजी बाजारातली तुंबलेली गटार सांगितली होती. दोघंही ‘बघतो’ म्हणाले. त्यांना तरी काय बोल लावणार? जे काम त्यांच्या हातातच नव्हतं, ते आम्ही त्यांच्याकडे मागत होतो. आज मी कुठल्या पक्षाबद्दल बोलणार नाही. आपलं कुठलं काम कुणाच्या सहीनं होतं, एवढंच तुमच्याशी बोलायचं आहे.

गेल्या आठवड्यात एक डाळ मिलवाले भाऊ माझ्याकडे आले. जळगावच्या डाळीचं नाव देशभर आहे, ते खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांनी विजेचं बिल टेबलावर पसरलं आणि म्हणाले, ‘नाना, हाई बिल कोनले दखाडू?’

चहा मागवला, चष्मा लावला आणि दोघांनी मिळून ते बिल ओळीओळीनं वाचलं. वरच मागणी आकार. मिल पूर्ण चालो की निम्मी, ठरलेल्या हिश्शापुरता हा आकार भरावाच लागतो. पावसाळ्यात गच्चीवर डाळ वाळत नाही, काम थंडावतं, पण ही ओळ काही थंडावत नाही. त्याखाली वीज आकार, म्हणजे जाळलेल्या युनिटांचे पैसे. मग वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज आणून देण्याचे पैसे. मग इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचे पैसे. आणि त्याखाली वीज शुल्क. भाऊ इतकी वर्षं बिल भरतात, पण नजर थेट शेवटच्या आकड्यावर जायची. मधल्या ओळी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्या.

आता या ओळी ठरवतं कोण? श्रोतेहो, वरचे बहुतेक आकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. 2003 च्या वीज कायद्यानं तो अधिकार आयोगाला दिला आहे, आमदाराला नाही. पण दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज कंपनीला तो जाहीर करावा लागतो, आणि लोकांच्या हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला निर्णय देता येत नाही. ज्याच्या नावावर मीटर आहे तो कोणीही हरकत देऊ शकतो. आमच्या मंडळानं आजवर एकही दिली नव्हती. ते दार उघडं होतं आणि आम्ही भलत्याच दारात उभे होतो, याचं मला खरंच दुःख आहे.

वीज शुल्काची ओळ मात्र राज्याच्या कायद्यातून येते. ती आमदाराच्या सभागृहातली गोष्ट. आणखी एक. 2016 मध्ये राज्य सरकारनं विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड+ क्षेत्रांतल्या, म्हणजे उद्योगात मागे असलेल्या भागांतल्या, उद्योगांसाठी वीजदरात सवलत जाहीर केली. उत्तर महाराष्ट्र म्हणजे त्यात आपण आलो. तर विधानसभेच्या उमेदवाराला विचारायचं ते असं: अशी सवलत मिळावी म्हणून तुम्ही सभागृहात उभे राहाल का, आणि दहा-वीस कामगारांच्या मिलला त्यातून किती रुपये मिळतील? ‘वीजदर कमी करा’ या मागणीला कोणीही हो म्हणेल. या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी अभ्यास करावा लागेल.

आता डाळीच्या गोणीकडे येतो. 18 जुलै 2022 पासून लेबल लावून पॅक केलेल्या, 25 किलोपर्यंतच्या डाळीवर 5 टक्के जीएसटी लागला. तोपर्यंत ब्रँड नसलेली डाळ करातून सुटलेली होती. मग काय झालं, तर पंचवीस किलोच्या वरच्या गोण्या बाजारात आल्या. मोठ्या गोणीवर कर नाही आणि एक किलोच्या पुडीवर कर. रोजंदारीवर जाणारी बाई गोणी घेत नाही, ती पुडीच घेते. म्हणून ही मागणी एकट्या व्यापाऱ्याची आहे, असं मी कधीच मानलं नाही.

हे जीएसटी परिषदेत ठरतं. तिथे केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश आणि सगळ्या राज्यांच्या मतांचं मिळून दोनतृतीयांश असतं. ठराव व्हायला तीनचतुर्थांश लागतात. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवून राज्याला मोकळं होता येत नाही. आपल्या राज्याचा मंत्री तिथे बसतो. हा प्रश्न खासदारकीच्या उमेदवाराला विचारा आणि आमदारकीच्या उमेदवारालाही विचारा.

साठा मर्यादेचं, म्हणजे व्यापाऱ्यानं जास्तीत जास्त किती डाळ साठवायची याचं, तसं नाही, ती केंद्राची. 2 जून 2023 ला तूर आणि उडदावर मर्यादा आली. भाव भडकले की सरकारनं हात घालावा हे मला मान्य आहे, डाळ-बट्टी आमच्याही घरी होते. पण मिलवाल्यानं आफ्रिकेतून तूर मागवलेली, पैसे गुंतलेले, माल अजून वाटेत, आणि इकडे नियम बदलला, तर त्यानं काय करावं? वाटेवरच्या मालाला पुरेशी मुदत मिळावी, एवढी एकच नेमकी मागणी आम्ही लोकसभेच्या कागदावर लिहिली आहे.

गावातल्या गावात जे आहे ते थोडक्यात सांगतो. पालिकेच्या मार्केटमधले गाळे, त्यांची भाडेपट्ट्याची मुदत आणि भाडं, बाजारातला दिवा, पाणी, स्वच्छतागृह, हे सगळं नगरसेवकाचं. हातगाडीवाल्यांनीही हे ऐकावं: 2014 च्या पथविक्रेता कायद्यात शहर विक्रेता समिती सांगितली आहे, आणि तिच्यातले निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले हवेत, त्यातही एकतृतीयांश महिला. तुमच्या गावात अशी समिती बसते का? हे पालिकेसाठी मत मागायला दारात आलेल्या माणसाला विचारा. बाजार समितीच्या सेसचं मात्र त्याला विचारू नका, तो कायदा राज्याचा आहे.

कुणी म्हणेल, नाना, कागदानं काय होतं? धुळ्याच्या लोकांनी मनमाड-इंदूर रेल्वेसाठी किती वर्षं घालवली आठवा. मागणी एकच होती, मार्ग कागदावर होता, आणि जो उमेदवार येईल त्याला तेच विचारलं गेलं. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 309 किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी रुपये. गाडी धावेल तेव्हा धावेल, तोवर विचारत राहायला हवंच. पण सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन मोठे रस्ते ज्या शहरात एकमेकांना भेटतात, तिथल्या व्यापाऱ्यानं रेल्वेची गाठ मारून घेतली ती हीच चिकाटी धरून.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांनाही माझी हीच विनंती आहे. बुऱ्हाणपूरचा भाव आणि आपला भाव यांतला फरक रोज वहीत लिहून ठेवा, सावद्याहून केळी भरायला वॅगन कधी मिळाली आणि कधी नाही तेही लिहा. नुसतं ‘आमच्यावर अन्याय होतो’ म्हणणं आणि तीन महिन्यांची वही समोर ठेवणं, यात फार फरक पडतो.

आम्ही यंदा तीन कागद केले आहेत. एक पालिकेसाठी, एक विधानसभेसाठी, एक लोकसभेसाठी. प्रत्येकावर तीनच प्रश्न. खाली तीन रिकाम्या जागा: उमेदवाराचं उत्तर, तारीख, सही. येईल त्या प्रत्येक उमेदवाराला तोच कागद द्यायचा, आणि मिळालेली उत्तरं मंडळाच्या फळ्यावर जशीच्या तशी लावायची. जो सही करणार नाही त्याची जागा कोरी राहील, तीही फळ्यावर लागेल.

डाळ मिलवाल्या भाऊंनी त्या दिवशी जाताना बिल घडी करून खिशात घातलं, पुन्हा काढलं आणि मागणी आकाराच्या ओळीखाली पेनानं रेघ मारली. येत्या शनिवारी संध्याकाळी ते मागच्या बारा महिन्यांची बिलं घेऊन येणार आहेत. तुमच्याही गावात मंडळ असेल, नसेल तर चार दुकानदार तरी असतीलच. तुम्हीही बसा, आणि बसताना बिलं सोबत ठेवा.

नमस्कार.