समीक्षकाचा कान आणि आपली खोली

मंडळी, स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरच्या रिव्ह्यूंचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे लोक पैसे घेऊन लिहितात का हो?" काही घेतात. काहींना सामान फुकट येतं आणि ते परत जात नाही. काहींच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून तुम्ही खरेदी केली की त्यांना कमिशन मिळतं. २०२१ पासून आपल्याकडेही जाहिरात असेल तर तसं सांगायचे नियम आले आहेत, आणि ते बारीक अक्षरात कसे पाळले जातात ते तुम्ही बघताच. पण लबाड माणूस ओळखता येतो. मला आज बोलायचंय ते प्रामाणिक समीक्षकाबद्दल, कारण तो जास्त अवघड आहे.

अमेरिकेतलं मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण घ्या. जुन्या अल्बमच्या मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपी ही त्यांची ख्याती. डिजिटलचा स्पर्श नाही, सगळं अ‍ॅनलॉग, म्हणजे आवाजाचे आकडे न करता लहर जशीच्या तशी उतरवलेली, अशी गिऱ्हाइकांची समजूत, आणि कंपनीने ती मोडायची तसदी घेतली नाही. समीक्षकांनी या रेकॉर्डमधल्या अ‍ॅनलॉग ऊबेवर वर्षानुवर्षं लिहिलं. मग कंपनीने एका लोकप्रिय अल्बमच्या ४०,००० प्रती काढायचं जाहीर केलं. जाणकार चक्रावले : इतक्या प्रतींसाठी मूळ टेप वारंवार चालवायची म्हणजे ती झिजून जाईल! २०२२च्या जुलैमध्ये फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्डविक्रेत्याने हे उघडपणे बोलून दाखवलं, आणि कंपनीच्या इंजिनिअरांनी मान्य केलं की २०११ पासून बऱ्याच रेकॉर्डमध्ये मधली पायरी डिजिटल आहे. पुढे दावे झाले, ग्राहकांना परतावा देण्याची तडजोड झाली.

आता गंमत बघा. ही गोष्ट उघडकीस आली ती प्रतींच्या आकड्यावरून. इतक्या वर्षांत कानाने ऐकून कुणी ती पकडली नव्हती. ज्यांना लाखाची केबल बदलली की 'पडदा दूर झाल्यासारखा' भास होतो, त्यांनाही नाही. रेकॉर्ड वाईट होत्या असं मी म्हणत नाही, उलट उत्तम होत्या. ऊब मात्र कव्हरवर वाचलेली होती.

हे समीक्षक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं ऐकू येत होतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत चाळीस कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. समोर दिसल्यावर कंपनीच्या मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि स्वस्त, छोट्या संचाचे घटले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पडद्याआड असताना स्पीकरची जागा किंवा गाणं बदललं की लोकांचं मत बदलायचं. डोळ्यांना दिसत असताना या खऱ्या फरकांकडे त्यांचं लक्षच कमी झालं. आवाजाच्या पातळीचंही तसंच. एक संच अर्ध्या-पाऊण डेसिबलने (आवाजाची पातळी मोजायचं एकक) मोठा वाजत असेल तर 'हा मोठा आहे' असं आपल्याला वाटत नाही, 'हा चांगला आहे' असं वाटतं. दुकानातल्या पोराला हे बरोबर ठाऊक असतं.

जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' मासिक काढलं आणि उपकरण प्रत्यक्ष ऐकून लिहायची परंपरा रुजवली. त्यांनीच उतारवयात म्हटलं की नावगाव झाकून चाचणी घ्यायला नकार दिला तेव्हा या क्षेत्राने आपली पत घालवली. घरचाच आहेर!

मग वाचायचं काय? वर्णनाचे परिच्छेद मी सरळ ओलांडतो. आलेख बघतो : फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सची रेघ, म्हणजे खालपासून वरपर्यंतचा कोणता सूर किती जोरात वाजतो ते दाखवणारी रेघ, साधारण सपाट आहे का, आणि नुसतं समोरून नव्हे तर बाजूने मोजल्यावरही ती त्याच वळणाने उतरते का. त्यानंतर तक्रारी वाचतो. अ‍ॅम्प्लिफायर तापतो, रात्री शांततेत स्पीकरमधून सूं आवाज येतो, रिमोट भिकार आहे, वर्षभरात सर्किट गेलं आणि सुटे भाग मिळेनात. यात कल्पनेला फारसा वाव नसतो, म्हणून हा मजकूर बहुधा खरा असतो. दुरुस्तीबद्दल तर परदेशी रिव्ह्यू तुम्हाला काहीच सांगणार नाही. ते मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारायचं.

आणि खोली! अमेरिकेतला समीक्षक बहुधा लाकडी सांगाड्याच्या घरात बसून ऐकतो. पोकळ भिंती, खाली गालिचा. त्या भिंती खालचा बेस थोडा गिळतात. आपल्या फ्लॅटच्या काँक्रीटच्या आणि विटांच्या भिंती गिळत नाहीत, परत फेकतात. बारा फूट लांबीच्या खोलीत सत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमायला लागतो, कारण त्याच्या लाटेची अर्धी लांबी बरोबर बारा फूट होते. त्यात गुळगुळीत फरशी आणि काचेची सरकती खिडकी. तिकडे ज्याला 'बेस थोडा कमी' म्हणून गुण कापले, तोच स्पीकर आपल्याकडे नीट बसतो, आणि 'भरदार' म्हणून गाजलेला डग्ग्याचा नुसता गडगडाट करतो. म्हणून आपल्यासारख्याच खोलीत राहणाऱ्या मित्राचं मत मी तिकडच्या नामवंतापेक्षा वर ठेवतो, जरी त्या मित्राला डेसिबल म्हणजे काय हे माहीत नसलं तरी.

शक्य असेल तर दुकानदाराकडून दोन दिवस घरी आणा. ओळखीची ध्वनिमुद्रणं लावा, त्यांत एक तानपुरा आणि हार्मोनियमसह गायन असू द्या. मधल्या सप्तकातला दोष तिथे लगेच उघडा पडतो. दोन संच ताडून बघताना फोनवरच्या आवाजमापकाने पातळी सारखी करून घ्या. फार अचूक नसतो तो, पण एकाच जागेवरून दोन्हींची तुलना करायला चालतो.

हेडफोनबद्दल मी मुद्दाम बोललो नाही. तिथे खोली नसते, पण कानाची पाळी आणि नळी प्रत्येकाची वेगळी. कानात घालायच्या प्रकारात रबरी टोपी सैल बसली की बेस निघूनच जातो, आणि समीक्षकाला बसलेली टोपी तुम्हाला बसेलच असं नाही. तेव्हा तीनचार मापांच्या टोप्या डब्यात येतात का ते आधी बघा.