बार घरी करायचा तर आधी बाइंडरचं बघा

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. आयोजकांनी विषय दिलाय घरगुती हेल्दी स्नॅक बार, आणि समोर सगळे ट्रेकवाले दिसतायत म्हणजे तुम्हाला काय हवंय ते कळलंच मला, सॅकच्या वरच्या कप्प्यात दिवसभर उन्हात राहून वितळला नाही पाहिजे, चुरा झाला नाही पाहिजे, आणि चढ चढताना एका हाताने खाता आला पाहिजे. त्यामुळे चॉकलेटचं कोटिंग वगैरे विषय इथेच संपला. मे महिन्यात सह्याद्रीत ते टिकत नाही.

आता दुकानातला बार. पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा नियमच आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पण गंमत काय होते, साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप अशी गोड वस्तू तीन नावांनी वेगवेगळी लिहिली की त्यातली एकही पहिल्या नंबरवर येत नाही आणि वर ओट्स मिरवतात. तिन्हींची बेरीज तुम्ही मनात करायची. सगळेच बार असे असतात असं नाही म्हणत मी, चांगलेही आहेत, पण किंमत बघून जीव जातो.

घरी करताना लोक यूट्यूब बघतात आणि चिया काय, क्रॅनबेरी काय, महागाच्या बिया आणून ठेवतात. अहो बियांनी बार होत नाही, बार होतो तो बाइंडरने, म्हणजे सगळं एकत्र धरून ठेवणाऱ्या चिकट वस्तूने. आपल्याकडे बाइंडर तीन, गूळ, खजूर आणि मध, आणि तिघांचे स्वभाव पूर्ण वेगळे. एवढं कळलं की रेसिपी पाठ करायची गरज नाही.

गुळाचा पाक म्हणजे चिक्की, आपला जुना बार. यात सगळा खेळ पाकाचा. मंद आचेवर गूळ वितळवायचा, चमचाभर तूप, आणि फेस येऊन रंग गडद व्हायला लागला की वाटीत गार पाणी घेऊन त्यात एक थेंब टाकायचा. काढून वाकवून बघा, वाकला, दाताला चिकटला, तर थांबा अजून. कडकन मोडला, काचेसारखा, की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर दीडशे डिग्रीच्या आसपास. आणि मग सेकंदभर पण रेंगाळायचं नाही, भाजलेले दाणे टाका, तूप लावलेल्या ओट्यावर किंवा पोळपाटावर ओता, लाटणं फिरवा आणि गरम असतानाच सुरीने वड्या पाडा. गार झाल्यावर कापायला गेलात तर वडी नाही, ठिकऱ्या मिळतात. गूळ चिक्कीचाच घ्या, साध्या गुळाची चिक्की बऱ्याचदा मऊ पडते. आणि पावसाळ्यात डब्याचं झाकण घट्ट, कारण गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि दोन दिवसात चिक्की चिकट होते. जुलैच्या ट्रेकला म्हणून मी चिक्की नेत नाही.

खजुराचं बरोब्बर उलटं. तो गरम असताना कापायचाच नाही, नीट गार होऊ द्यायचा. माझं प्रमाण लिहून घ्या, बिया काढलेला मऊ काळा खजूर 200 ग्रॅम, ओट्स 100, शेंगदाणे 100, तीळ 50, भोपळ्याच्या बिया 50. ओट्स साधे रोल्ड घ्या, मसाला ओट्स नको, हसू नका, आणतात लोक. खजूर सोडून सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण तीळ मिनिटभरात तडतडतात आणि ओट्सना चांगली आठ-दहा मिनिटं लागतात, कुरकुरीत होऊन वास सुटेपर्यंत. दाण्यांची सालं काढून भरड करा, पूड नको. बुरशीचा किंवा खवट दाणा दिसला की फेकून द्या, भाजून बुरशीचं विष जात नाही.

मग कढईत दोन चमचे तूप आणि खजूर, उलथन्याने दाबत परतायचा, पाच मिनिटांत त्याचा गोळा होतो. खजूर पाण्यात भिजवायचा मोह होतो पण ते पाणी बारमध्ये राहतं आणि आठवड्यात बुरशी येते. चिमूटभर मीठ, सुंठ, सगळं मिसळा, सात इंची चौकोनी डब्यात बटर पेपर टाकून वाटीच्या बुडाने दाबा. दाबा म्हणजे अंगातला जोर लावून दाबा, बार सुटतो तो नव्वद टक्के वेळा इथेच सुटतो. तासभर फ्रीजमध्ये, मग मधून एक काप आणि आडवे नऊ, बोटासारख्या वीस कांड्या.

मध दिसतो छान, पण पाकासारखा घट्ट बसत नाही, त्यामुळे मधाचा बार ओव्हनमध्ये भाजावा लागतो आणि तरी बोटांना चिकटतोच. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध अजिबात द्यायचा नाही, हे बारपुरतं नाही, कधीच नाही.

काकांनी चिठ्ठी पाठवलीय, यात प्रोटीन किती. हिशोब करू. आपल्या 500 ग्रॅममध्ये साधारण 65 ग्रॅम, म्हणजे एका कांडीत तीन-साडेतीन. कॅलरी शंभरच्या पुढे, साखर सहा-सात ग्रॅम, खजुरातली असली तरी साखरच ती. म्हणजे हा प्रोटीन बार नाहीये, चढावरचं इंधन आहे, आणि टीव्हीसमोर बसून चार कांड्या खाल्ल्या तर एका जेवणाएवढं पोटात गेलं. प्रोटीन वाढवायचं तर ओट्समधले 50 ग्रॅम काढून तेवढं डाळं, चिवड्यातलं हो, भरडून घाला, डाळ्यात ओट्सपेक्षा प्रोटीन जास्त असतं आणि खिशालाही परवडतं. प्रोटीन पावडर टाकणाऱ्यांनी थोडीच टाका, ती सगळा ओलावा पिते आणि बार दगड होतो.

टिकतो किती? बाहेर आठवडा, फ्रीजमध्ये तीन आठवडे सहज. जवस घालणार असाल तर अख्खा भाजून घाला, पूड लवकर खवट होते. सॅकमध्ये ठेवताना प्रत्येक कांडी बटर पेपरमध्ये वेगळी गुंडाळा, नाहीतर वर पोचेपर्यंत त्याचा परत गोळा झालेला असतो, आणि कागद खाली परत घेऊन या प्लीज.

चला, ज्यांना पाकाचा थेंब स्वतः मोडून बघायचाय त्यांनी पुढे या, गॅस लावतेय. लहान मुलांना जरा लांब ठेवा, पाक भाजतो भयंकर.