अर्जातली डाळिंबे

(दृश्य : पुणे, नवी पेठेतील एका अभ्यासिकेची सकाळ)

मुख्य परीक्षेच्या दिवसांत या टेबलावर पुस्तकांची चळत असे. आता तिथे कागदांचा एक जुडगा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे नागरी सेवा परीक्षेसाठी भरून दिलेल्या सविस्तर अर्जाची ही छायाप्रत. पेठेतली मुले तिला ‘डॅफ’ म्हणतात. जन्मगाव, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, छंद, सेवांचा पसंतीक्रम अशी माहिती त्यात असते. मुलाखत मंडळाला उमेदवाराचे मुख्य परीक्षेतले गुण ठाऊक नसतात, त्याच्या आयुष्याची ही नोंद मात्र समोर असते, आणि म्हणून तयारीही याच कागदापासून सुरू होते.

मुख्य परीक्षेचे १,७५० आणि व्यक्तिमत्त्व चाचणीचे, म्हणजे मुलाखतीचे, २७५ असे एकूण २,०२५ गुण. चाचणीला किमान गुणांची अट नाही, तरी २०२४ च्या परीक्षेत मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या २,८४५ उमेदवारांपैकी १,००९ जणांचीच शिफारस झाली, हे इथे प्रत्येकाला पाठ आहे.

ही उमेदवार सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातली. अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे तिने ‘शेती (डाळिंब)’ असे लिहिले आहे. लिहिताना त्या कंसाचा तिने फारसा विचार केला नव्हता.

(दृश्य : अभिरूप, म्हणजे सरावाची, मुलाखत. लांब टेबल, पलीकडे चार जण, अलीकडे एक खुर्ची)

पहिली दहा मिनिटे सुरळीत गेली. प्रशासनात का यायचे, या प्रश्नाचे उत्तर तिने घोटून ठेवले होते आणि ते घोटलेलेच वाटले. ‘समाजसेवा’ हा शब्द या खोलीत दिवसभरात इतक्यांदा उच्चारला जातो की टेबलापलीकडची मंडळी तो आला की पाण्याचा पेला उचलतात. मग त्यांच्यापैकी एका निवृत्त अधिकाऱ्यांनी अर्जावर बोट ठेवून विचारले, “डाळिंबावरचा तेल्या रोग बुरशीमुळे होतो की जिवाणूंमुळे?”

तिने बुरशी सांगितले, तेही ठामपणे.

तेल्या जिवाणूजन्य आहे. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, पुढे फळ तडकते. या रोगाने उजाड केलेल्या बागा तिने लहानपणापासून पाहिल्या होत्या. चुकीपेक्षा तिला लागली ती ही गोष्ट की घरातल्या विषयावर आपण अंदाजाने बोललो, आणि वर तो अंदाज खात्रीच्या सुरात सांगितला. मंडळासमोर ‘मला माहीत नाही’ म्हटल्याने फारसे बिघडत नाही. न कळणाऱ्या गोष्टीवर ठाम राहणे मात्र लगेच लक्षात येते.

त्या रात्री तिने घरी फोन लावला. हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा सरताना धरलेल्या फळांची, तोडणी चालू होती, वडील दमलेले होते.

“अण्णा, आपण मृग बहार धरायचं का सोडलं?”

“पावसात तेल्या आवरत न्हाई, पोरी. हस्ताला हवा कोरडी असती.”

वरवर घरगुती वाटणाऱ्या या बोलण्यात पुढच्या आठ दिवसांचा अभ्यास दडलेला होता. पाणी तोडून बाग ताणावर सोडायची, पानगळ झाली की पुन्हा पाणी देऊन फुलोरा आणायचा, म्हणजेच बहार धरायचा, हे ती जन्मापासून पाहत आली होती; कोरड्या हवेच्या आणि कमी पाण्याच्या तालुक्यात हेच फळ का रुजले, ते कधी सलग मांडून पाहिले नव्हते. सोलापुरात डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले, ही माहिती तिने वहीत उतरवली. वहीचे शेवटचे पान मात्र तिने अण्णांच्या खर्चाच्या हिशेबासाठी ठेवले : औषधे, मजुरी, खोकी, वाहतूक. माझ्या मते त्या वहीतले सर्वांत उपयोगी पान हेच.

भाषेचा निर्णयही याच आठवड्यात झाला. मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्या उमेदवाराला मुलाखतही मराठीतून देता येते आणि आयोग दुभाषी पुरवतो. वर्गातल्या अनेकांनी तिला इंग्रजीचा आग्रह केला. पण ‘ताण देणे’ इंग्रजीत सांगताना ती अडखळत होती आणि मराठीत सांगताना तिचे हात आपोआप हलत होते. तिने मराठी ठेवली. फक्त प्रत्येक वाक्यानंतर दुभाष्याला वेळ मिळावा म्हणून लांब वाक्ये तोडून बोलण्याचा सराव केला, आणि तो तिला सर्वांत जड गेला.

कपड्यांचा प्रश्न एका संध्याकाळी सुटला : मैत्रिणीची फिकी सुती साडी, स्वतःच्या चपला.

दुसऱ्या अभिरूप मुलाखतीत तिला विचारले गेले, “तुम्ही जिल्हाधिकारी झालात, तर टंचाईच्या वर्षी टँकरचे पाणी आधी गावाला द्याल की बागांना?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पिण्याचे पाणी आधी, सर. पण बाग जळाली तर पुढची काही वर्षे त्या घरात उत्पन्न नसते, हे मला माहीत आहे. म्हणून टँकर लागण्याच्या आधीच शेततळ्यांची मोजणी करून घेईन.” या वेळी पाण्याचा पेला कोणी उचलला नाही. पुढचा प्रश्न शेततळ्याच्या अस्तरावर आला, आणि त्यावर तिने माहीत नसल्याचे सांगितले.

(दृश्य : नवी दिल्ली, शहाजहान रोड. धोलपूर हाऊसचे फाटक)

आयोगाच्या नियमावलीनुसार ही उलटतपासणी नसते, तर सहज पण दिशा असलेले संभाषण असते. आपण कोणत्या मंडळासमोर जाणार, हे उमेदवाराला आत गेल्यावरच कळते. तिच्या फायलीत मूळ प्रमाणपत्रे आहेत, ती तिने रात्रीतून तीनदा मोजली आहेत. फाटकापाशी फोन बंद करण्याआधी तिने अण्णांचा संदेश उघडला. काल तिने विचारले होते, त्याचे उत्तर होते : आजचा बाजार समितीतला डाळिंबाचा भाव.