‘बाबा’ चिनी भाषेत कसा पोचला?

नमस्कार मंडळी! हा प्रश्न दर व्हिडिओखाली येतो. ‘बाबा’ मराठीत, तुर्कीत, चिनीत, स्वाहिलीत, सगळीकडे वडील. मग या भाषा एकमेकींच्या बहिणी का? नाही.

पटकन सांगतो. म, प, ब म्हणायला ओठ मिटायचे आणि उघडायचे, बस्स. जीभ वळवायला नको. म्हणून बाळाच्या तोंडून आधी हेच आवाज निघतात.

आता खरी मेख. बाळ कुणाला हाक मारत नसतं! माझी भाची आठ महिन्यांची होती, पंख्याकडे बघून ‘मामामामा’ चाललेलं. मी धावत गेलो, उचलून घेतलं. मग रोजच तसं व्हायला लागलं आणि हळूहळू ती मला बघून ‘मामा’ म्हणायला लागली. आवाज तिचा, अर्थ आमचा.

पटत नाही? जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि आई म्हणजे ‘देदा’. आपल्याकडे मामा आईचा भाऊ. अर्थ बाळाने ठरवला असता, तर तो सगळीकडे एकच नसता का?

पण अर्थ वाटण्यातही एक कल दिसतो. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये यावर व्याख्यान दिलं. त्यांच्यासमोर मानववंशशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी जगभरातून जमवलेले आई-वडिलांसाठीचे १,०७२ शब्द होते. आईसाठीच्या ५५ टक्के शब्दांत ‘म’, ‘न’ असे अनुनासिक, म्हणजे नाकातून निघणारे आवाज, वडिलांसाठीच्या फक्त १५ टक्क्यांत. याकोबसन म्हणतात, दूध पिताना तोंड भरलेलं असतं, आवाज नाकातूनच निघतो. भुकेचा तो हुंकार आईला चिकटतो. बघा, इथेही चिकटवणारे आपणच!

‘सगळं संस्कृतमधून गेलं’ असं लिहिणाऱ्यांनो, संस्कृतवर माझाही जीव आहे. पण नातं सिद्ध करायला एका शब्दाचं साम्य पुरत नाही. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, इंग्रजी ‘फादर’. तसंच संस्कृत ‘पाद’, इंग्रजी ‘फूट’. आपल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’, शब्दामागून शब्द. याला म्हणतात नातं. चिनी ‘बाबा’ आणि मराठी ‘बाबा’ यांच्यात असा धागा सापडत नाही.

आणि कुणीतरी विचारलंय, ‘आई’ म्हणताना ओठ मिटतच नाहीत, मग तुमचं गणित चुकलं ना? छान प्रश्न. हा कल आहे, नियम नाही. पण आपल्या घरातला तो हुंकार गेला कुठे? वाटीचमचा घेऊन बाळासमोर बसलो की आपण काय म्हणतो?

मम्मं.