मागच्या खिडकीतलं धुकं

ही खिडकी बघा. बाहेर लख्ख ऊन पडलंय, पण आतल्या आरशात बघितलं तर मागून येणारी गाडी म्हणजे नुसता एक पांढरा डाग.

गाडी आहे माझदा एमएक्स फाइव्ह, पहिल्या पिढीतली, १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवलेलं ते दोन सीटचं मॉडेल. टप कापडी, तो दुमडून मागे पडतो, आता काच काय दुमडत नाही म्हणून मागे पारदर्शक प्लास्टिक लावलंय. आपल्या रिक्षाच्या मागे रेक्झिनमध्ये शिवलेली असते ना, तिचीच जपानी बहीण समजा, फक्त हिला चेन आहे.

हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. मुळात कडक, नळाच्या पाइपासारखं, ते मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घालतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं आणि खिडकी आखडते, ठिसूळ होते. वर उन्हाने पिवळी पडते ती वेगळीच. आणि हा पिवळेपणा प्लास्टिकच्या अंगातच मुरलेला असतो, वरून कितीही पॉलिश मारा, जात नाही. आधीच सांगून ठेवतोय, नाहीतर लोक अख्खा रविवार घासत बसतात.

धुरकटपणाचं मात्र तसं नाही. ते असतात बारीक बारीक ओरखडे, आणि ते पाडलेले असतात बहुतेक वेळा आपणच, निघायच्या घाईत कोरडं फडकं धुळीवर फिरवून.

म्हणून आधी पाणी, भरपूर पाणी, धूळ वाहून गेली पाहिजे. मग साधा कार शाम्पू आणि हात, हो, नुसता हात, कारण खडा राहिला असेल तर बोटाला लगेच कळतो. काचेचा अमोनियावाला स्प्रे अजिबात नको.

सुकल्यावर प्लास्टिकचं पॉलिश, मऊ मायक्रोफायबरवर थोडंसंच. बॉडीचं रबिंग कंपाउंड घेऊ नका, खरखरीत पडतं. आणि ही खिडकी लवचिक आहे, बाहेरून दाबलं की आत जाते, तेव्हा आतून दुसऱ्या हाताने मऊ कापडाचा आधार द्यायचा. मग तेच आतल्या बाजूने, ही बाजू सगळेच विसरतात. नखाला लागेल इतका खोल चरा असेल तर सोडून द्या, तो राहणारच.

टप खाली करायच्या आधी चेन उघडून खिडकी सपाट झोपवायची. कंटाळा करतात लोक, मग मधोमध घडी पडते आणि पुढे तिथेच चिरते. थंडीत तर दुमडूच नका, कडक झालेलं असतं.

१९९८ च्या दुसऱ्या पिढीत माझदाने सरळ काचच बसवली, डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं बाष्प घालवणाऱ्या, तारांसकट. सुटले बिचारे.

इथे दोन हात मारून झालेत. खिडकी पिवळी आहे अजून, पण मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येतेय.