झळा उठण्याआधी

(दृश्य: हतनूरचा जलाशय, डिसेंबरमधील सकाळ. पाण्यावर विरळ धुके.)

भुसावळजवळ तापी नदीवर हतनूरचे धरण आहे. त्याच्या फुगवट्यात दर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. आज चक्रवाकांची एक जोडी काठापासून बरीच आत, गाळाच्या उंचवट्यावर बसली आहे. नुसत्या डोळ्यांना ते दोन तांबूस ठिपके दिसतात. लेन्सची कडी ७० वरून ३०० मिलिमीटरपर्यंत फिरवली, की त्या ठिपक्यांमधून फिकट डोके, काळी चोच आणि अंगावर घट्ट मिटलेले पंख उमटू लागतात. छायाचित्रणाचा छंद जडलेल्या माणसाला झूम लेन्सची ओढ लागते ती अशाच एखाद्या सकाळी.

दुकानात गेल्यावर मात्र आपण एकच प्रश्न विचारतो: ही किती लांबचे दाखवते? खानदेशात फिरणाऱ्याने त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा, असे मला इतक्या वर्षांच्या भटकंतीनंतर वाटते. समोरचा विषय आणि आपली काच यांच्यामध्ये जी हवा आहे, तिच्यात उजेड किती, धूळ किती आणि ताप किती?

आपल्याकडे कोणत्याही लांब लेन्सला सरसकट झूम म्हणतात. जिची फोकल लेंथ, म्हणजे दृश्य किती जवळ दिसेल हे ठरवणारा मिलिमीटरचा आकडा, बदलता येते ती झूम, मग ती कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लहानशी लेन्स का असेना. आणि ३०० मिलिमीटरवर स्थिर असलेली लेन्स कितीही लांबचे जवळ आणत असली, तरी ती झूम नव्हे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली बाजारात आली. फोइग्टलेंडरच्या त्या ‘झूमार’चा पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर होता. आजची साधी १८-५५ची लेन्स दीडपट क्रॉप असलेल्या, म्हणजे त्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आणि म्हणून दृश्य दीडपट जवळ दाखवणाऱ्या सेन्सरवर लावली, तर तिचे लांबचे टोकही जवळपास तेवढेच भरते.

(दृश्य: रावेर तालुक्यातील केळीची बाग. पानांमधून झिरपणारा हिरवट उजेड.)

लेन्सवरचा दुसरा आकडा छिद्राचा, म्हणजे अपर्चरचा असतो. परवडणाऱ्या ७०-३०० लेन्सवर बहुधा ‘४-५.६’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की ७० मिलिमीटरवर एफ ४ एवढे उघडणारे छिद्र ३०० मिलिमीटरवर एफ ५.६ पलीकडे उघडत नाही; आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान. एफ २.८ च्या तुलनेत एफ ५.६ ला एक चतुर्थांश उजेड मिळतो. धरणाच्या काठावर, उघड्या आकाशाखाली, हा फरक फारसा जाणवत नाही. केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्या माणसांची छायाचित्रे काढताना तो पदोपदी जाणवतो, कारण भर दुपारीही तेथे सावली दाट असते आणि माणसांचे हात क्षणभर थांबत नाहीत. ७०-२०० एफ २.८ची लेन्स येथे उत्तम, पण ती बरीच महाग असते आणि मोठ्या कॅमेऱ्यांसाठीच्या अशा बहुतेक लेन्स एक ते दीड किलोच्या घरात जातात. ज्याला बागेतली माणसे टिपायची आहेत, त्याने तेवढा पैसा न ओतता ५० मिलिमीटर एफ १.८ ची छोटी लेन्स सोबत ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

(दृश्य: सारंगखेड्याचा घोडेबाजार. घोड्याचा चेहरा, जवळून आणि दुरून.)

दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. येथे झूम लेन्सचा खरा धडा मिळतो. घोड्याच्या अगदी पुढ्यात उभे राहून २४ मिलिमीटरवर छायाचित्र काढले, तर नाकपुड्या मोठ्या आणि कान इवलेसे दिसतात. आठ-दहा पावले मागे सरून १०० मिलिमीटर वापरले, की तोच चेहरा रेखीव होतो आणि मागचे तंबू जवळ आल्यासारखे भासतात. चेहऱ्याची ठेवण बदलली ती आपल्या मागे सरकण्याने; कडी फिरवून आपण फक्त चौकट भरली. म्हणून आधी जागा ठरवावी आणि मग कडी फिरवावी. घोड्याच्या बाबतीत मागे राहणे सुरक्षितही असते. फक्त त्याच्या पाठीमागे उभे राहू नये.

लांब फोकल लेंथवर हाताची थरथरही मोठी होऊन दिसते. दीडपट क्रॉपवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी वागते, त्यामुळे हातात धरून काढताना शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा संथ ठेवू नये. लेन्समधील स्थिरीकरण हाताची थरथर सावरते. पळणारा घोडा किंवा उडणारा थापट्या बदक त्याने थांबत नाही. उडत्या पक्ष्यासाठी शटर सोळाशेव्या भागापर्यंत न्यावे आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवावा लागला, तर तो नि:संकोच वाढवावा.

आता झळांविषयी. उन्हाळ्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण हिवाळ्यातही अकराच्या सुमारास तापलेल्या गाळावरची हवा हलू लागते. सकाळी सातला पिसान्‌पीस दिसणारा चक्रवाक त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, त्याच शटरवर काढला, तरी पाण्यात भिजलेल्या चित्रासारखा विरघळलेला येतो. मी स्वतः कित्येक महिने लेन्सला दोष देत राहिलो आणि फोकस तपासत राहिलो. झळांवर कोणत्याही किमतीच्या काचेचा इलाज चालत नाही. लवकर जावे आणि शांतपणे, पक्षी बिचकणार नाहीत इतकेच जवळ जावे.

(दृश्य: खिडकीशी धरलेली लेन्स, आतून टॉर्चचा प्रकाश.)

माझी पहिली लांब लेन्स मी जुनी घेतली होती. दुकानातील प्रकाशात ती स्वच्छ दिसली. घरी आणून मागच्या बाजूने टॉर्च लावला, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले. ती बुरशी होती. कारागिराने लेन्स उघडून पुसली, तंतू गेले, पण काचेवरच्या लेपावर त्यांचे वळ राहिले आणि सूर्याकडे तोंड केले की आजही चित्रावर धुरकटपणा येतो. तेव्हा जुनी लेन्स घेताना टॉर्च खिशात असावा, आणि लेन्स खाली तोंड करून धरल्यावर नळी आपोआप घसरते का, हेही पाहावे.

पावसाळ्यातील दमटपणा सगळ्यांना कळतो. आमच्याकडे उन्हाळ्यातील कूलर अधिक फसवतो, कारण वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी थंड हवा ओलसर असते आणि कॅमेऱ्याची पिशवी नेमकी त्याच खोलीत पडून राहते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स त्यात ठेवावी, एक साधा आर्द्रतामापक सोबत ठेवावा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील, असे पाहावे. रंग बदलणारे जेल ओले झाल्यावर ते तापवून पुन्हा वापरता येते.

काळ्या मातीची धूळ मात्र घाईने पुसू नये. आधी ब्लोअरने हवा मारावी, मग मऊ ब्रश फिरवावा आणि तरीही डाग उरला, तरच कापडावर एखादा थेंब द्रव घेऊन मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. काचेवर थेट द्रव टाकला, तर तो कडेने आत उतरतो. नळी पुढे-मागे होणारी लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते, म्हणून बाजाराच्या धुरळ्यातून परतल्यावर कडी फिरवण्याआधी नळीवरची धूळ कोरड्या कापडाने टिपून घ्यावी.