बीजिंग–धरमशाला: बोलणी अडली कुठे?

तिबेटचा विषय काढला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिबेट स्वतंत्र होईल का? १९५९ मध्ये तिबेट सोडून भारतात आलेल्या दलाई लामांनी ती मागणी केव्हाच बाजूला ठेवली आहे. तरीही बोलणी का अडली, हे पाहू.

१९७९ साली चीनचे सर्वोच्च नेते डेंग झियाओपिंग दलाई लामांचे थोरले भाऊ ग्यालो थोंडुप यांना बीजिंगमध्ये भेटले. स्वातंत्र्य सोडून बाकी सगळ्यावर बोलू, असं डेंग म्हणाल्याचं तिबेटी बाजू सांगते. त्याच वर्षी निर्वासित तिबेटींचं पहिलं पाहणी पथक तिबेटमध्ये गेलं. वीस वर्षांच्या कम्युनिस्ट राजवटीनंतर लोक या पाहुण्यांना विचारणारही नाहीत, असा चिनी अधिकाऱ्यांचा होरा होता. प्रत्यक्षात गर्दी आवरेना. माणसं रडत होती, आशीर्वाद मागत होती. हा धक्का बीजिंगला फार जड गेला, असं माझं मत आहे. कारण १९८१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख हू याओबांग यांनी पाच मुद्दे मांडले, त्यांत दलाई लामांना परत येण्याची मुभा होती, १९५९ पूर्वीचा मान होता. मात्र मुक्काम बीजिंगमध्ये, तिबेटमध्ये नाही!

खरी गाठ इथेच आहे. बीजिंगच्या लेखी चर्चेचा विषय एकच, दलाई लामांचं पुढे काय. धरमशाला, म्हणजे तिथलं निर्वासित तिबेटी सरकार, म्हणतं, आमच्या नेत्याचं सोडा, साठ लाख तिबेटींचं बोला. एका टेबलावर दोन वेगळ्या बैठका चालाव्यात तसं हे झालं.

२००२ ते जानेवारी २०१० या काळात चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. तिबेटी बाजूने दलाई लामांचे दूत लोदी ग्यारी आणि केलसांग ग्यालत्सेन जात. मार्च २००८ मध्ये ल्हासा पेटलं, आंदोलन पूर्वेकडच्या खाम आणि आम्दो या तिबेटी भागांपर्यंत पसरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस तिबेटींनी खऱ्या स्वायत्ततेचा लेखी मसुदा दिला. चीनच्या राज्यघटनेच्या चौकटीतच भाषा, धर्म, शिक्षण, पर्यावरण यांवरचे अधिकार मागितले होते. चीनने त्याला छुपं स्वातंत्र्य म्हटलं.

कारण नकाशात आहे. तिबेट स्वायत्त प्रदेश म्हणून जो दाखवतात, त्याच्या बाहेर निम्म्याहून अधिक तिबेटी राहतात. छिंगहाई, सिचुआन, गान्सू, युन्नानमध्ये. या सगळ्यांना एका प्रशासनाखाली आणा, ही मागणी मान्य करायची तर चीनच्या जवळजवळ चौथाई भूभागाची फेरमांडणी करावी लागेल. कुठलं सरकार ते हसत करेल? शिवाय बीजिंगचा आग्रह असा, की तिबेट प्राचीन काळापासून चीनचा भाग होता हे दलाई लामांनी कबूल करावं. तिबेट पुढच्या काळात चीनमध्ये राहील हे मानायला ते तयार आहेत, मागचा इतिहास बदलून सांगायला नाहीत.

२०१० नंतर औपचारिक फेरी झालेली नाही. २०१२ मध्ये दोन्ही दूतांनी राजीनामे दिले. मध्यंतरी पडद्याआड संपर्क असल्याचं निर्वासित सरकारचे प्रमुख पेनपा त्सेरिंग यांनी २०२४ मध्ये सांगितलं, पण त्यातून फार अपेक्षा ठेवू नका असंही सुचवलं.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथे जन्मलेल्या पिढीने ल्हासा पाहिलेलं नाही, आणि बीजिंगचा भरवसा नेमका यावरच आहे: थांबायचं, आणि पुढचा दलाई लामा आपणच ठरवायचा. १९९५ मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा (दलाई लामांखालोखालचं धर्मपद) म्हणून मान्यता दिलेला सहा वर्षांचा गेधुन छोक्यी न्यिमा चीनने ताब्यात घेतला, त्याच वर्षी सुवर्णकलशातून नावाची चिठ्ठी काढून दुसरा मुलगा नेमला. २००७ मध्ये तर लामांच्या पुनरवताराला सरकारी मंजुरी सक्तीची केली. जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी जाहीर केलं, की ही परंपरा चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्याच गादेन फोद्रांग ट्रस्टला असेल. बीजिंगचं उत्तर तत्काळ आलं: सुवर्णकलश आणि केंद्र सरकारची मान्यता हवीच.